कार्बामाझेपीन सुरू करण्यापूर्वीची जनुकीय चाचणी: एकच करावी की पूर्ण पॅनल?

इंदिरानगरवासी (प्रश्नकर्ता)

नमस्कार. माझ्या आईचे वय ६७ वर्षे आहे. गेल्या पावसाळ्यापासून तिच्या उजव्या गालात आणि जबड्यात विजेचा झटका बसावा तशा कळा येतात. दात घासताना, चहाचा घोट घेताना, कधी नुसता पंख्याचा वारा लागला तरी कळ उठते आणि काही सेकंद तिला बोलताही येत नाही. दोन दाढा काढूनही कळा थांबल्या नाहीत, तेव्हा आम्ही न्यूरोलॉजिस्टकडे गेलो. त्यांनी एमआरआय पाहून ट्रायजेमिनल न्यूराल्जियाचे (चेहऱ्याच्या संवेदना वाहणाऱ्या नसेच्या दुखण्याचे) निदान केले आणि या आजारावर पहिल्या पसंतीचे औषध कार्बामाझेपीन असल्याचे सांगितले. मात्र घरातील औषधांच्या रिअ‍ॅक्शनचा इतिहास ऐकल्यावर त्यांनी गोळी लगेच लिहून दिली नाही. चिठ्ठीवर ‘एचएलए-बी १५:०२’ एवढीच चाचणी लिहून तिचा रिपोर्ट घेऊन येण्यास सांगितले.

इतिहास असा आहे. निफाड तालुक्यातील माझ्या सख्ख्या मावशीला बऱ्याच वर्षांपूर्वी आकडीसाठी गोळ्या सुरू केल्या होत्या. तीनेक आठवड्यांत तिला ताप आला, डोळे लाल झाले, तोंडात फोड आले आणि अंगाची त्वचा भाजल्यासारखी सुटू लागली. ती वाचली, पण डोळ्यांचा कोरडेपणा आजही आहे. गोळी कोणती होती, हे घरात कोणालाही सांगता येत नाही. मामांना तरुणपणी पेनिसिलिनचे इंजेक्शन घेतल्यावर काही मिनिटांत चक्कर येऊन शुद्ध हरपली होती. माझ्या धाकट्या भावाला अंगदुखीची कोणतीही गोळी घेतली की पापण्या सुजतात आणि अंगावर गांधी उठतात. आईला स्वतःला सल्फाच्या गोळीने ओठावर काळा डाग पडला होता, आणि पुढे तीच गोळी पुन्हा घेतली तेव्हा डाग बरोबर त्याच जागी उठला.

दरम्यान आमच्या सोसायटीतील आरोग्य शिबिरात एका प्रयोगशाळेच्या प्रतिनिधीने ‘औषध-अ‍ॅलर्जी जनुकीय पॅनल’ सुचवले. घरातील प्रत्येकाने एकदा ते केले की कोणते औषध चालेल आणि कोणते चालणार नाही हे आयुष्यभरासाठी कळते, असे त्यांचे म्हणणे होते. खर्च बराच आहे. तरीही चौघांचे एकदाच करून टाकावे असे वडिलांना वाटते. माझे प्रश्न असे: डॉक्टरांनी लिहिलेली एकच चाचणी पुरेशी आहे का? ती निगेटिव्ह आली तर गोळी निर्धास्तपणे सुरू करता येईल का? मामा आणि भाऊ यांच्या त्रासाचे उत्तर अशा पॅनलमधून मिळते का?

औषधविक्रेता_पंचवटी

मी पंचवटीत अनेक वर्षे औषधांचे दुकान चालवतो आणि माझे शिक्षण फार्मसीचे आहे. जनुकांबद्दल अधिक जाणकार येथे लिहितीलच. मी केवळ इतिहासाबद्दल लिहितो, कारण आपल्या प्रश्नातील सर्वांत महत्त्वाची माहिती अजून मिळालेली नाही: मावशींची गोळी कोणती होती?

आकडीसाठी त्या काळी दिल्या जाणाऱ्या गोळ्यांत फेनिटॉइन, फेनोबार्बिटोन, कार्बामाझेपीन आणि व्हॅलप्रोएट ही चार नावे प्रामुख्याने येतात. पहिल्या तिन्हींची रासायनिक ठेवण एकमेकांशी मिळतीजुळती असल्यामुळे एकीने गंभीर रिअ‍ॅक्शन आली तर उरलेल्या दोन्हींनी ती येण्याचा धोका वाढतो. व्हॅलप्रोएट त्या गटातले नाही. म्हणून मावशींचे जुने डिस्चार्ज कार्ड, केसपेपर, निदान त्यांच्या गावातील फॅमिली डॉक्टरांची वही, यांपैकी काही मिळते का हे पाहावे. खेड्यातील घरांत असे कागद बहुधा रेशनकार्डासोबत पिशवीत असतात, आणि ‘हरवले’ असे सांगितल्यावरही शोधल्यास सापडतात असा अनुभव आहे.

धाकट्या भावाबद्दल एक सूचना. ‘अंगदुखीची कोणतीही गोळी’ या वर्णनावरून अ‍ॅस्पिरिन, आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक, असेक्लोफेनॅक हा सगळा गट त्याला त्रास देत असावा असे वाटते. ही औषधे एकेकटी विकली जातात त्याहून अधिक जोडगोळ्यांतून विकली जातात. सर्दीची, पाळीच्या दुखण्याची, दातदुखीची म्हणून मिळणाऱ्या अनेक गोळ्यांत पॅरासिटामॉलसोबत यांपैकी एखादे औषध असते, आणि दर्शनी नाव निराळे असल्यामुळे ग्राहकाला ते उमगत नाही. भावाने गोळीचे ब्रँडनाव पाठ करण्यापेक्षा पाकिटामागच्या बारीक अक्षरांतील घटकांची नावे वाचण्याची सवय लावावी आणि काउंटरवर ‘काहीतरी दुखण्यावर द्या’ असे कधीही मागू नये. आमच्यापैकी काही जण विचारपूस न करता देतात, हेही मान्य करतो.

त्वचारोगतज्ज्ञ_गंगापूररोड

मूळ प्रश्न चांगल्या रीतीने मांडला आहे, कारण त्यात औषधांच्या त्रासाचे चार वेगवेगळे प्रकार एकाच घरात आले आहेत. जनुकीय चाचणीचा उपयोग त्यांपैकी केवळ एका प्रकाराला होतो, आणि पॅनल विकणारे हा फरक सहसा सांगत नाहीत.

मामांचा त्रास काही मिनिटांत झाला. तो इम्युनोग्लोब्युलिन-ई या प्रतिपिंडामुळे होणारा तात्काळ प्रकार असण्याची शक्यता अधिक आहे. हे प्रतिपिंड औषधाशी आधी संबंध आल्यावर तयार होतात आणि बरीच वर्षे पेनिसिलिन टाळले तर अनेकांमध्ये कमीही होतात. पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी होईल की नाही हे आधी सांगणारी, उपचारात वापरण्याजोगी जनुकीय चाचणी आज उपलब्ध नाही. त्यासाठी त्वचेवरील चाचणी आणि त्यानंतर तज्ज्ञांच्या देखरेखीखाली तोंडाने दिलेला परीक्षण-डोस हाच मार्ग आहे. पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी असल्याची नोंद असलेल्या दहा जणांची अशी तपासणी केली तर सुमारे नऊ जण ते औषध सहन करू शकतात, असे पाश्चात्त्य देशांतील अनुभव सांगतो. मात्र मामांसारख्या शुद्ध हरपलेल्या रुग्णाने हा प्रयोग सर्व सोयी असलेल्या रुग्णालयाबाहेर करू नये. आपल्याकडे कोणतेही प्रतिजैविक देण्यापूर्वी हातावर जो ‘टेस्ट डोस’ टोचतात, त्याने पुरेशी खात्री मिळत नाही, हेही ओघाने सांगतो.

भावाच्या त्रासात बहुधा प्रतिपिंडांचा संबंधच नाही. ही औषधे सायक्लोऑक्सिजनेज-१ हे विकर (एन्झाइम) रोखतात, त्यामुळे काही व्यक्तींच्या शरीरात ल्युकोट्राइन नावाची द्रव्ये वाढतात आणि सूज व गांधी येतात. औषधे एकमेकांसारखी नसतानाही सर्वांनी त्रास होतो तो यामुळेच. त्यासाठीही जनुकीय चाचणीचा व्यवहारात उपयोग नाही. आईंच्या ओठावरील डागाला फिक्स्ड ड्रग इरप्शन म्हणतात. त्याच जागी पुन्हा उठणे हीच त्याची ओळख असल्यामुळे निदानासाठी वेगळी तपासणी सहसा लागत नाही. सल्फा कायमचे टाळावे, एवढेच.

आता मावशी. ताप, डोळे, तोंड आणि त्वचा या क्रमाचे आपण केलेले वर्णन स्टीव्हन्स-जॉन्सन सिंड्रोम किंवा त्याचाच अधिक तीव्र प्रकार असलेल्या टॉक्सिक एपिडर्मल नेक्रोलिसिसशी जुळते. शरीराच्या १० टक्क्यांपेक्षा कमी पृष्ठभागावरील त्वचा सुटली तर पहिले नाव आणि ३० टक्क्यांपेक्षा अधिक सुटली तर दुसरे नाव वापरतात. दुसऱ्या प्रकारात सुमारे तीनांपैकी एक रुग्ण दगावतो. आपल्या न्यूरोलॉजिस्टनी लिहिलेली चाचणी नेमकी याच त्रासासाठी आहे.

सहाव्या गुणसूत्रावर एचएलए जनुकांचा समूह असतो. या जनुकांपासून बनणारी प्रथिने पेशींच्या पृष्ठभागावर राहून आतील प्रथिनांचे तुकडे टी-पेशींना, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या पांढऱ्या पेशींना, दाखवतात, आणि टी-पेशी त्यावरून आपले-परके ठरवतात. एचएलए-बी या जनुकाचे हजारो प्रकार माणसांत आढळतात. त्यांपैकी १५:०२ या प्रकारापासून बनलेल्या प्रथिनाशी कार्बामाझेपीन थेट जोडले जाते. ज्यांच्याकडे त्याला ओळखणाऱ्या विशिष्ट टी-पेशी असतात, त्यांच्यात या पेशी चेतवल्या जातात आणि ग्रॅन्युलायसिनसारखी द्रव्ये सोडून त्वचेच्या पेशी मारतात. हे घडायला दिवस ते आठवडे लागतात, म्हणून पहिल्या गोळीला काहीच न होता तिसऱ्या आठवड्यात ताप येतो.

हा संबंध तैवानमधील संशोधकांनी २००४ मध्ये दाखवला. कार्बामाझेपीनमुळे हा आजार झालेल्या ४४ च्या ४४ रुग्णांमध्ये १५:०२ आढळले, तर तेच औषध विनातक्रार घेणाऱ्या १०१ जणांपैकी केवळ तिघांमध्ये. त्यानंतर डिसेंबर २००७ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने आशियाई वंशाच्या रुग्णांना हे औषध देण्यापूर्वी चाचणी करावी अशी सूचना काढली. भारतीयांसह दक्षिण आशियाई लोकांत या प्रकाराचे प्रमाण सरासरी २ ते ४ टक्के आणि काही समूहांत अधिक असल्याचे त्या औषधाच्या माहितीपत्रकात नमूद आहे. भारतीय रुग्णांवरील २००९ मधील एका छोट्या अभ्यासात कार्बामाझेपीनने स्टीव्हन्स-जॉन्सन झालेल्या आठ जणांपैकी सहा जणांमध्ये १५:०२ सापडले.

या शेवटच्या आकड्यातच आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आहे. दोघांमध्ये १५:०२ नव्हते, तरीही त्यांना आजार झाला. म्हणजे चाचणी निगेटिव्ह आल्यास धोका पुष्कळ कमी होतो, शून्य होत नाही. एचएलए-ए ३१:०१ हा दुसरा प्रकारही कार्बामाझेपीनच्या त्वचेवरील रिअ‍ॅक्शनशी जोडलेला आहे. युरोपीय आणि जपानी रुग्णांमध्ये तो २०११ मध्ये पुढे आला. आपल्या घरातील इतिहास लक्षात घेता १५:०२ सोबत तोही मागावा का, हे न्यूरोलॉजिस्टना अवश्य विचारावे. मला विचाराल तर मी मागवला असता. आणि गोळी सुरू झालीच तर पहिले दोन-तीन महिने ताप, घसा किंवा डोळे दुखणे, तोंडात फोड, हात लावताच दुखणारी त्वचा यांपैकी काहीही दिसल्यास पुढची गोळी न घेता त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. कार्बामाझेपीनने हा आजार होणाऱ्या रुग्णांपैकी ९० टक्क्यांहून अधिक जणांना तो उपचाराच्या पहिल्या काही महिन्यांतच होतो.

संख्याशास्त्राचा_विद्यार्थी

वरील प्रतिसाद उत्तम आहे, परंतु पॉझिटिव्ह रिपोर्टचा अर्थ त्यात आलेला नाही आणि घरोघरी घोटाळा तेथेच होतो.

तैवानमध्ये चाचणीचा प्रत्यक्ष उपयोग तपासणारा मोठा अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. कार्बामाझेपीन घेऊ घातलेल्या ४,८७७ जणांची त्यात नोंद झाली. सुमारे ७.७ टक्के लोक पॉझिटिव्ह निघाले आणि त्यांना दुसरे औषध देण्यात आले. उरलेल्यांना कार्बामाझेपीन दिल्यावर एकालाही स्टीव्हन्स-जॉन्सन झाला नाही, तर पूर्वीच्या ०.२३ टक्के या दराने दहाच्या आसपास रुग्ण अपेक्षित होते. चाचणी यशस्वी ठरली यात शंका नाही. आता उलट बाजूने पाहू. पॉझिटिव्ह आलेले लोक सुमारे पावणेचारशे होते आणि त्यांपैकी प्रत्यक्षात आजार झाला असता तो दहा-अकरा जणांना. म्हणजे शंभरात तिघांना. उरलेल्या सत्त्याण्णव जणांनी ते औषध विनातक्रार घेतले असते.

तेव्हा पॉझिटिव्ह रिपोर्ट म्हणजे ‘अ‍ॅलर्जी आहे’ असे निदान नव्हे. दुसरी औषधे उपलब्ध असताना तीन टक्क्यांचा हा धोका पत्करू नये, एवढाच त्याचा अर्थ आहे, आणि मरणाशी गाठ घालणाऱ्या आजारासाठी तो निर्णय योग्यच आहे. परंतु अशी दहा-वीस जनुके एकाच पॅनलमध्ये घातली आणि निरोगी माणसांची तपासणी केली, तर जवळजवळ प्रत्येकाच्या रिपोर्टवर काही ना काही लाल अक्षरांत येईल. लागण्याची शक्यताच नसलेल्या औषधाची भीती त्यातून पदरी पडते, आणि पुढे एखाद्या आणीबाणीत डॉक्टरांसमोर तो कागद नाचवला जातो.

अ‍ॅबाकॅव्हिर हे एचआयव्हीवरील औषध मात्र वेगळे आहे. तेथे एचएलए-बी ५७:०१ असलेल्या साधारण निम्म्या लोकांना खरोखर रिअ‍ॅक्शन येते. १९ देशांतील १,९५६ रुग्णांवरील आणि २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, आधी तपासणी केलेल्या गटात प्रतिकारसंस्थेच्या कसोटीवर सिद्ध झालेली एकही रिअ‍ॅक्शन आढळली नाही, तर तपासणी न केलेल्या गटात ती २.७ टक्के होती. सर्व जनुकीय चाचण्या या तोडीच्या असतात असा समज ज्यांच्या मनात आहे, त्यांचे उदाहरण बहुधा हेच असते.

तंत्रज्ञ_नाशिकरोड

मी एका प्रयोगशाळेत रेण्वीय तपासण्यांच्या विभागात काम करतो. आम्ही स्वतः ही चाचणी करत नाही, नमुने बाहेर पाठवतो, त्यामुळे कोणाची जाहिरात करण्याचा प्रश्न नाही.

चाचणी सांगताना ‘एचएलए टायपिंग’ असे मोघम सांगू नये. या नावाखाली मूत्रपिंड प्रत्यारोपणासाठी होणारी तपासणी, सांधेदुखीसाठी होणारी बी-२७ आणि ही चाचणी अशा तीन निराळ्या गोष्टी येतात, आणि काउंटरवर बी-२७ ची पावती फाडली जाण्याचे प्रकार होतात. रिपोर्टवर ‘एचएलए-बी १५’ एवढेच लिहिले असेल तर तो आपल्या कामाचा नाही. १५ हा मोठा गट आहे आणि त्यातील बरेच उपप्रकार कार्बामाझेपीनच्या बाबतीत निरुपद्रवी मानले जातात. म्हणून विसर्गचिन्हानंतरचे ०२ हे आकडे स्पष्टपणे तपासले गेले पाहिजेत. नमुना साध्या ईडीटीए नळीतील रक्ताचा असतो, उपाशीपोटी येण्याची गरज नाही, आणि जनुक बदलत नसल्यामुळे ही तपासणी आयुष्यात एकदाच करावी लागते. रिपोर्ट जपून ठेवावा. घरात कोणी अस्थिमज्जादाता म्हणून नाव नोंदवले असेल तर त्याचे एचएलए टायपिंग तेथे आधीच झालेले असते; ते पुरेशा तपशिलाचे असल्यास वेगळा खर्चही वाचू शकतो.

पॅनलबद्दल थोडे. बाजारातील अनेक पॅनलमध्ये अ‍ॅलर्जीशी संबंधित जनुके मोजकीच असतात आणि उरलेली औषधाच्या पचनाशी, म्हणजे यकृतातील विकरांशी संबंधित असतात. रक्ताची गुठळी रोखणाऱ्या क्लोपिडोग्रेलसाठी सीवायपी २सी१९, वेदनाशामक कोडीनसाठी सीवायपी २डी६, प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या अ‍ॅझाथायोप्रीनसाठी टीपीएमटी आणि एनयूडीटी१५ ही त्यातील ठळक नावे. त्यांतून औषधाचा परिणाम किंवा डोस कमी-अधिक करण्याबद्दल माहिती मिळते. ती उपयोगी असते, विशेषतः अ‍ॅझाथायोप्रीन सुरू करण्यापूर्वी एनयूडीटी१५. परंतु तिला अ‍ॅलर्जीची चाचणी म्हणणे ही दिशाभूल आहे. शिबिरातील प्रतिनिधीकडून जनुकांची आणि उपप्रकारांची छापील यादी मागून घ्यावी. यादी देण्यास टाळाटाळ झाली तर निर्णय सोपा होतो.

आरोग्यसेवक_सुरगाणा

विषयाला धरूनच एक प्रश्न विचारतो. आमच्या भागात कुष्ठरोगाच्या रुग्णांना डॅप्सोन, रिफाम्पिसिन आणि क्लोफाझिमिन यांचा एकत्रित उपचार दिला जातो. क्वचित एखाद्या रुग्णाला महिना-सव्वा महिन्यानंतर ताप, अंगभर पुरळ आणि कावीळ होते व डॅप्सोन बंद करावे लागते. हेदेखील जनुकावरून आधी कळते का? कळत असेल तर आदिवासी तालुक्यांत त्याचा विचार कोणी का करत नाही?

त्वचारोगतज्ज्ञ_गंगापूररोड

आपण वर्णन केले आहे त्याला डॅप्सोन हायपरसेन्सिटिव्हिटी सिंड्रोम म्हणतात, आणि त्याचा संबंध एचएलए-बी १३:०१ शी असल्याचे चीनमधील कुष्ठरुग्णांच्या अभ्यासातून २०१३ मध्ये दिसून आले. त्या शोधनिबंधात हा प्रकार चिनी लोकांत २ ते २० टक्के, भारतीयांत १ ते १२ टक्के असल्याची नोंद आहे आणि युरोपीय व आफ्रिकी लोकांत तो जवळपास आढळत नाही. चीनने पुढे उपचारापूर्वी तपासणी करून पाहिली आणि तिचा चांगला परिणाम दिसला. भारतीयांतील १ ते १२ हा पल्ला फार रुंद आहे. कोकणा, महादेव कोळी, वारली यांसारख्या समाजांत प्रमाण किती आहे हे मोजल्याशिवाय सरसकट तपासणीचा हिशेब मांडता येणार नाही. आरोग्य विज्ञान विद्यापीठाचे मुख्यालय आपल्या शहरात असताना एखाद्या पदव्युत्तर विद्यार्थ्याला हा विषय मिळावा असे मला नेहमी वाटते.

तोपर्यंत आपल्या हातात जे आहे ते कमी नाही. पहिले दोन महिने भेटीच्या वेळी ताप, पुरळ आणि डोळ्यांचा पिवळेपणा आवर्जून विचारावा व संशय येताच डॅप्सोन थांबवून रुग्णाला पुढे पाठवावे. जी-६-पीडी या लाल रक्तपेशींतील विकराची कमतरता असलेल्यांना डॅप्सोनमुळे रक्तपेशी फुटून कावीळ होऊ शकते. ती अ‍ॅलर्जी नव्हे, तिच्या तपासणीची पद्धत वेगळी आहे, आणि लक्षणे वरवर सारखी दिसल्याने गल्लत होते. प्रत्येक गंभीर रिअ‍ॅक्शनची नोंद भारतीय औषधसतर्कता कार्यक्रमाकडे करावी. त्यासाठी १८००-१८०-३०२४ हा निःशुल्क क्रमांक आहे आणि रुग्ण स्वतःही कळवू शकतो.

सातपूर_ज्येष्ठ

माझे युरिक अ‍ॅसिड वाढले आहे आणि डॉक्टरांनी अ‍ॅलोप्युरिनॉल लिहिले आहे. वरील चर्चा वाचून मनात भीती बसली. मीही काही तपासून घ्यावे काय?

त्वचारोगतज्ज्ञ_गंगापूररोड

अ‍ॅलोप्युरिनॉलसाठी संबंधित प्रकार एचएलए-बी ५८:०१ हा आहे; तो तैवानमध्ये २००५ साली आढळला. अमेरिकेतील संधिवाततज्ज्ञांच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत हान चिनी, कोरियन, थाई आणि आफ्रिकी-अमेरिकी वंशाच्या रुग्णांसाठी ही चाचणी सुचवली आहे, सर्वांसाठी नाही. आपले मूत्रपिंडाचे कार्य कमी असेल किंवा डोस सुरुवातीलाच मोठा दिला असेल तर डॉक्टरांशी बोलावे, कारण या दोन्ही गोष्टींनी धोका वाढतो. छोट्या डोसने सुरुवात करून हळूहळू वाढवणे हा साधा उपाय आहे. आणि आपल्याला गाऊटचा झटका कधीच आला नसेल, केवळ रिपोर्टमधील आकडा वाढलेला असेल, तर ते औषध लागते का, हा प्रश्न चाचणीच्या आधी विचारावा.

इंदिरानगरवासी (प्रश्नकर्ता)

सर्वांचे मनापासून आभार. चौघांच्या पॅनलचा विचार सोडला आहे, वडिलांनाही पटले. आईचा नमुना दिला असून न्यूरोलॉजिस्टशी फोनवर बोलून ए ३१:०१ ही चाचणीही त्यात जोडली.

पंचवटीच्या काकांनी सांगितल्याप्रमाणे मामेभावाने निफाडला शोध घेतला. डिस्चार्ज कार्ड सापडले. शाई पुसट आहे, तरी ‘फेनिटॉइन’ हा शब्द आणि त्यापुढे त्वचा सुटल्याची नोंद वाचता येते. म्हणजे मावशीची गोळी कार्बामाझेपीन नव्हती. यामुळे आईचा धोका कमी झाला असे समजावे का? तसेच मावशीचीही चाचणी करून घ्यावी का?

त्वचारोगतज्ज्ञ_गंगापूररोड

कमी झाला असे समजू नये. फेनिटॉइनचाही १५:०२ शी संबंध आहे, परंतु तो कार्बामाझेपीनइतका घट्ट नाही. फेनिटॉइनच्या बाबतीत यकृतातील सीवायपी २सी९ या विकराचा मंद प्रकारही महत्त्वाचा असल्याचे २०१४ मध्ये समोर आले. औषध शरीरातून बाहेर पडायला वेळ लागतो आणि रिअ‍ॅक्शनची शक्यता वाढते. त्यामुळे मावशींना नेमके कशामुळे झाले हे केवळ १५:०२ पाहून सांगता येणार नाही. त्यांची चाचणी केली आणि ती पॉझिटिव्ह आली तर सख्खी बहीण म्हणून आईकडेही तेच असण्याची शक्यता निदान निम्मी ठरते. परंतु आईचा स्वतःचा नमुना गेलेला असताना हा वळसा घेण्याचे कारण उरत नाही. मावशींच्या दृष्टीनेही रिपोर्टने काही बदलणार नाही. फेनिटॉइन, फेनोबार्बिटोन, कार्बामाझेपीन आणि ऑक्सकार्बाझेपीन ही नावे त्यांच्या नव्या केसपेपरवर ‘देऊ नये’ म्हणून ठळक लिहून घ्यावीत. डोळ्यांच्या कोरडेपणासाठी त्यांना नेत्रतज्ज्ञांकडे नियमित नेत असाल अशी आशा आहे. या आजारानंतर पापणीच्या आतील बाजूला येणारे व्रण बुबुळाला वर्षानुवर्षे घासत राहतात.

आईंबाबत आणखी एक गोष्ट लक्षात असू द्यावी. १५:०२ पॉझिटिव्ह आले तर ‘त्याऐवजी ऑक्सकार्बाझेपीन घ्या’ असा सल्ला कोठूनतरी येईल, कारण ट्रायजेमिनल न्यूराल्जियात ते दुसरे प्रचलित औषध आहे. त्याची रचना कार्बामाझेपीनच्या जवळची असून १५:०२ असणाऱ्यांनी तेही टाळावे अशीच सूचना आहे. या गटाबाहेरील गॅबापेंटिन, प्रीगॅबालिन, बॅक्लोफेन असे पर्याय आहेत. ते कार्बामाझेपीनइतके प्रभावी नसले तरी रिपोर्ट येईपर्यंत कळा आवरण्यासाठीही न्यूरोलॉजिस्ट त्यांतील एखादे देऊ शकतात, त्यामुळे आईंना तोवर सोसत बसावे लागू नये. मावशींचे कार्ड त्यांना प्रत्यक्ष दाखवा, फोनवर वाचून दाखवू नका. गॅबापेंटिन आणि प्रीगॅबालिन यांचा डोस मूत्रपिंडाच्या कार्यावर ठरतो, तेव्हा क्रिएटिनीनचा अलीकडचा रिपोर्टही सोबत न्यावा, आणि सुरुवातीला झोप व तोल जाण्याचा त्रास होत असल्यामुळे रात्री उठताना आईंसोबत कोणीतरी असावे.